घरच्यांचे आभार

“आभार तू मानायचेस,” अण्णा म्हणाले आणि त्यांनी चहाची बशी तोंडाला लावली. “परक्या माणसानं मानलेलं बरं दिसत नाही. तू घरचा.”

कोल्हापुरातल्या आमच्या ऑफिसात मी त्यांच्या टेबलासमोर उभा होतो. अण्णा हुक्केरी म्हणजे ‘पांथस्थ यात्रा कंपनी’चे मालक, आणि मी दिगंबर घाडी, त्यांच्याकडचा सगळ्यात जुना टूर मॅनेजर. कंपनीला पंचवीस वर्षं होत होती. त्यानिमित्त येत्या रविवारी मोठा समारंभ ठेवला होता. जुने यात्रेकरू येणार होते, अण्णांचा सत्कार होणार होता आणि शेवटी जेवण.

“आणि नव्या सहलीची घोषणा आमचे जावई करतील,” अण्णा मिशा पुसत म्हणाले. “‘आजोळ’ची. तू आभारात तिच्यावर एखादं झकास वाक्य टाक. तुला जमतंय ते.”

मला जमतंय हे खरंच होतं. केदारनाथच्या धर्मशाळेपासून कन्याकुमारीच्या हॉटेलापर्यंत, प्रत्येक सहलीच्या शेवटच्या संध्याकाळी आभार मीच मानत आलो होतो. पण त्या क्षणी अण्णांची चहाची बशी त्यांच्याच टकलावर पालथी घालावी असं मला वाटलं. कारण ‘आजोळ’ माझं होतं. नाव मी ठेवलेलं, गाव माझं, आणि त्या गावात पाहुण्यांना जेवू घालणारी आत्या माझी.

“बरं,” मी म्हणालो.

“बरं काय? आनंदानं म्हण की.”

“आनंदानं.”

हे कसं झालं ते आधी सांगतो, म्हणजे पुढं मी जे केलं त्याचा कुणाला राग येणार नाही. आला तर येऊ दे. आज इतक्या वर्षांनीही मला त्याची लाज वाटत नाही.

लॉकडाऊनमध्ये यात्रा बंद पडल्या तेव्हा अण्णांनी आम्हा सगळ्यांना बोलावून सांगितलं होतं, “आपण एक कुटुंब आहोत. घरात अडचण आली की सगळ्यांनीच चार घास कमी खायचे.” आम्ही खाल्ले. पगार निम्मा झाला, मग काही महिने तोही नाही. मी एका ओळखीच्याचा भाजीचा टेंपो चालवला. माझी बायको वैजयंती, तिनं मास्क शिवले, डबे केले. अण्णांच्या बंगल्यावर वरचा मजला मात्र त्याच वर्षी चढला. कुटुंबातल्या कुणीतरी सुखी असावं लागतं ना.

पुढं गाड्या सुरू झाल्या, माणसं फिरायला लागली, पण पगार निम्म्यावर बसला तो बसलाच. निम्मे सहकारी सोडून गेलेले, त्यामुळं काम मात्र दुप्पट. रजा मागितली की अण्णा हसून म्हणायचे, “घरच्या माणसाला रजा कसली रे? घरातनं रजा घेऊन जाणार कुठं?” दिवाळीत काशी, गणपतीत राजस्थान. माझ्या घरचा गणपती मी कित्येक वर्षं फोनवरच बघितला होता. अण्णांचं ‘घरचा’ ऐकलं की हल्ली मी आधी खिसा चाचपायचो, कारण त्यापाठोपाठ काहीतरी फुकट मागितलं जाणार हे ठरलेलं असायचं.

एक दिवस धीर करून मी त्यांना विचारलं. दोन यात्रांच्या मधल्या रिकाम्या शनिवार-रविवारी मी थोडीशी माणसं माझ्या गावी नेली तर चालेल का? देवगडच्या अलीकडं, खाडीकाठी आमची वाडी आहे. लोक हॉटेलांना घाबरलेत, तिथं घरात राहतील.

अण्णा खदखदून हसले. “घरच्या माणसाला परवानगी लागते होय? कर की!”

मी इतका खूष झालो की येताना पेढे घेऊन गेलो. वैजयंतीनं पेढा हातात घेतला, पण तोंडात टाकला नाही.

“लिहून घेतलंत का?”

“घरच्या माणसाकडनं कुणी लिहून घेतं का?”

“अहो, घर त्यांचं आहे. तुम्ही फक्त माणूस आहात,” ती म्हणाली. मला तिचा राग आला. बायको खरं बोलली की येतो तसा.

तर असं ‘आजोळ’ सुरू झालं. इंदूआत्याचं घर आणि शेजारची तीन घरं. तिथं बघायला काही नाही, हीच आमची जाहिरात. ओसरीवर लोळायचं, विहिरीवर आंघोळ करायची, घावणे आणि सोलकढी हाणायची, संध्याकाळी खाडीकडं तोंड करून बसायचं. बँकेतली, कॉलेजातली, मोठमोठ्या हुद्द्यांवरची माणसं निघताना लहान पोरांसारखी हिरमुसायची. मला काय मिळालं? पगाराची निम्मी पडलेली बाजू हळूहळू सावरली, ते एक. पण खरं सांगायचं तर मला दुसरंच काहीतरी मिळालं होतं. या शनिवारी काम करायचं की घरी बसायचं, हे आयुष्यात पहिल्यांदा मी ठरवत होतो. एकदा चार दिवस मी नुसता घरी बसून राहिलो आणि कुणालाही विचारलं नाही. त्या चार दिवसांची चव जिभेवरून जाईना. येत्या दिवाळीला अण्णांना नमस्कार करायचा आणि मोकळं व्हायचं, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

मी काशीच्या यात्रेवर असताना आत्याचा फोन आला.

“अरे दिगू, तुझे अण्णा इले होते! जावयाक घेवन. केवढो देवमाणूस रे! साडी हाडल्यानी माका. म्हणाले, दिगू आमच्या घरचोच. मी म्हटलंय, मगे तुमी पण आमच्या घरचेच.”

“कशाला आले होते, आत्या?”

“ह्या आजोळाचा नक्की करूक. चारय घरांचे सगळे शनवार-आयतवार त्यांका दिलंय. देवळात नारळ ठेवन, गाऱ्हाणा घालून शब्द दिलंय, सगळ्या वाडीसमोर.”

घाटाच्या पायरीवरून मी ओरडलोच, “आत्या, मला विचारायचंस तरी!”

“तुका कित्याक इचारू?” आत्याला खरंच कळत नव्हतं. “तुझ्याच घरचे मां ते?”

सगळं सांगितल्यावर ती बिचारी रडली. पण शब्द मोडायला तयार होईना. देवाला साक्षी ठेवून देवळात घातलेलं गाऱ्हाणं मोडलं तर वाडीत तोंड दाखवायला जागा राहिली नसती. “त्यांनीच चार माणसांत शब्द परत केल्यानी तर मी मोकळी,” ती म्हणाली. “नायतर नाय रे बाबा.”

परत आल्या आल्या मी अण्णांकडं गेलो.

“अण्णा, आजोळ माझं आहे.”

“तुझं आन् माझं?” अण्णांना मनापासून वाईट वाटल्यासारखं दिसलं. यात ते फार तरबेज होते. “घरात तुझं-माझं असतंय होय, दिगू? जावयाच्या हातात कायतरी द्यायला पायजे की नको? त्यो नाव सांभाळेल, तू मॅनेजर म्हणून जा. तुझंच गाव, तुझीच आत्या, तुलाच बरं.”

म्हणजे माझ्या आत्याच्या घरात पाहुण्यांना पाणी द्यायला मी अण्णांच्या पगारावर जायचं, तोही निम्म्या. आयत्या बिळावर नागोबा ही म्हण मी शाळेत शिकलो होतो; पण नागोबा बिळातल्या उंदराला नोकरीवरही ठेवतो, हे शाळेत शिकवलेलं नव्हतं. तळपायाची आग मस्तकात गेली. तरी मी मूग गिळून गप्प बसलो. भांडून नोकरी सोडली असती तर ना पगार राहिला असता ना आजोळ. आणि अण्णांनी गावभर सांगितलं असतं की घरातलाच माणूस उलटला.

आणि आता त्याच आजोळचं कौतुक मी माझ्या तोंडानं करायचं होतं.

त्या संध्याकाळी वैजयंती भाजी निवडत होती. मी तिला सगळं सांगितलं. तिचा हात थांबला.

“मग आता काय करणार?”

“आभार मानणार.”

तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं. मग पुन्हा भाजी निवडायला लागली आणि म्हणाली, “नीट माना.”

आभारप्रदर्शनाचंही एक शास्त्र असतं. आधी प्रमुख पाहुणे, मग अध्यक्ष, मग देणगीदार, मग पत्रकार. लोकांची चुळबुळ सुरू झाली की मंडपवाले, खुर्च्यावाले, माईकवाले, आचारी. आणि घरच्यांचे आभार कधीही मानायचे नाहीत. तिथं एकच वाक्य असतं, ते महाराष्ट्रात जन्मलेल्या प्रत्येकाला पाठ आहे: “घरच्यांचे आभार मानून मी त्यांना परकं करणार नाही.” हे वाक्य मी शेकडो वेळा म्हटलं असेन. ते किती उपयोगाचं आहे हे मात्र मला त्या आठवड्यात कळलं.

रविवारी हॉल गच्च भरला. माझ्याबरोबर चारधाम केलेल्या आजी होत्या, बद्रीनाथला ज्यांच्या पाठीला मी रात्रभर शेक दिला ते काका होते. प्रमुख पाहुणे म्हणून निवृत्त जिल्हा न्यायाधीश रेगेसाहेब आले होते. तेही आमचे जुने यात्रेकरू. बसमध्ये ड्रायव्हरमागची खिडकी त्यांना लागायचीच. आणि स्टेजवर एका कडेला, अण्णांनी दिलेली साडी नेसून, इंदूआत्या बसली होती. आजोळची शोभा म्हणून जावयानं तिला गाडी पाठवून आणवलं होतं. ती माझ्याकडं बघायचं टाळत होती.

जावयानं पडद्यावर चित्रं दाखवत घोषणा केली. माझ्या आत्याची विहीर, माझ्या आत्याची ओसरी. “ही कल्पना मला एका पहाटे सुचली,” तो म्हणाला. तो दहाच्या आधी उठत नाही हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. टाळ्या पडल्या.

मग अण्णा बोलले. कंपनी म्हणजे कुटुंब, कुटुंब म्हणजे त्याग, वगैरे. शेवटी माझ्याकडं हात करून म्हणाले, “आता आमचा दिगूच बघा. एवढी वर्षं झाली, पण पोरानं कधी पगाराची तारीख विचारली नाही, की कधी रजा मागितली नाही!”

लोक कौतुकानं हसले. समोर तिसऱ्या रांगेत बसलेली वैजयंती हसली नाही. माझ्या मनात उरलीसुरली चलबिचल होती, ती लोकांच्या त्या हसण्यानं संपवली.

मी माईकपाशी गेलो. प्रमुख पाहुण्यांचे आभार मानले, अध्यक्षांचे मानले, पत्रकारांचे मानले. माणसं चुळबुळायला लागली, आतून बासुंदीचा वास यायला लागला. मी सावकाश पुढं गेलो.

“मंडप आणि सजावटीबद्दल शिवाप्पांचे आभार. उत्तम ध्वनिव्यवस्थेबद्दल बाळूभाईंचे आभार. खुर्च्या वेळेवर पोचवल्याबद्दल कारंडे बंधूंचे आभार. आणि अण्णा हुक्केरी यांचे आभार.”

काहीजण हसले. मग हसणं आपोआप विरलं. अण्णांच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळे बारीक झाले.

“तुम्ही म्हणाल, दिगंबर चुकला. घरच्या माणसाचे आभार कुणी मानतं का?” मी म्हणालो. “नाही मानत. घरच्यांचे आभार मानले की ते परके होतात. पण आज मानायलाच पाहिजेत, कारण अण्णांनी आज मला घरातून मोकळं केलंय.”

पुढच्या रांगेतली माणसं अण्णांकडं बघायला लागली.

“घरातला मुलगा मोठा झाला की चांगला बाप काय करतो? त्याला वेगळी चूल मांडून देतो. जावईबापूंनी सांगितलं नाही, संकोची आहेत ते; पण ही आजोळ सहल अण्णांनी माझ्या हवाली केलीय. माझं गाव, माझी आत्या, म्हणून ती माझी मीच स्वतंत्रपणे चालवावी, असं त्यांच्या मनात आहे. आत्याकडून देवळात घेतलेला शब्दसुद्धा ते आज तुम्हा सगळ्यांसमोर परत करतायत. आजकाल कोण कुणाला धंदा देतं हो? लोक हातातला काढून घेतात! आणि अण्णांनी दिला. अण्णा, मी तुमचा मनापासून आभारी आहे.”

मी हात जोडले आणि खोल वाकलो. टाळ्यांचा असा कडकडाट त्या हॉलनं त्याआधी ऐकला नसेल. चारधामवाल्या आजी उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. जावई ताडकन उठून माईककडं धावला. अण्णांनी त्याचा सदरा धरून त्याला खाली बसवलं. हुशार माणूस. एवढ्या लोकांत ‘मी दिलेलं नाही’ म्हणायचं, तर ‘मी घेतलं होतं’ हे आधी सांगावं लागतं.

रेगेसाहेब उठले आणि त्यांनी अण्णांचा हात दोन्ही हातांत धरला. “हुक्केरी, आयुष्यभर मी भावाभावांचे वाटणीचे खटले चालवले,” ते माईकशिवायच, पण सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाले. “असं राजीखुशीनं दिलेलं कधी बघितलं नव्हतं. मी साक्षीदार आहे याचा!”

आत्या आपल्या खुर्चीतून उठली, अण्णांसमोर आली आणि पदर पसरून म्हणाली, “देव तुमचा बरा करूं दे. शब्द परत केलात. माका मोकळी केलात.” तिला त्यातलं किती खरं वाटत होतं, मला आजही माहीत नाही. मी पुढं कधी विचारलं नाही आणि तीही बोलली नाही.

माझं अजून एक काम बाकी होतं. मी माईक काढून अण्णांच्या पुढ्यात धरला.

“अण्णा, दोन शब्द बोला.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मला त्या नजरेचं भय वाटायचं, पूर्वी. त्या दिवशी मी ती नजर चवीचवीनं बघितली. आमचा एक एक राहून गेलेला गणपती, भाजीचा टेंपो, मास्क शिवून लाल झालेले वैजयंतीचे डोळे, सगळं मी त्या नजरेतून वसूल केलं. मला त्यांची जराही दया आली नाही. अण्णांनी माईक धरला. दोन शब्द बोला म्हटल्यावर अर्धा तास बोलणारा हा माणूस; त्यानं त्या दिवशी खरोखरच दोन शब्द काढले.

“दिलं की.”

पुन्हा टाळ्या. मी लगेच राष्ट्रगीत जाहीर केलं. त्यामुळं अण्णांना माझ्या शेजारी ताठ उभं राहावं लागलं, आणि काहीच बोलता आलं नाही. त्यांच्या नाकपुड्या तेवढ्या फुलत होत्या.

जेवणाच्या हॉलमध्ये माणसांनी मला गराडा घातला. पुढच्या महिन्याचं आहे का, आठजणांचं जमेल का, आईला जिना चढवत नाही तर कसं करू. मी सगळ्यांना फोन नंबर देत होतो. उद्यापासून निम्माही पगार नाही, हे मला कळत होतं. सहल चालली तर खायचं, नाही चालली तर पुन्हा टेंपो. वैजयंती ताट घेऊन शेजारी आली, तिनं माझ्या ताटात बासुंदीची वाटी ठेवली आणि काही न बोलता आत्याला शोधायला गेली.

गर्दी पांगल्यावर अण्णा आले. हातात ताट, ताटात काही खाल्लेलं नाही.

“केसानं गळा कापलास, दिगू.”

“नाही अण्णा. आभार मानले.”

“मागितलं असतंस तर दिलं असतं मी.”

“मागितलं होतं. तुम्ही म्हणालात, घरात तुझं-माझं नसतंय.”

अण्णांनी पुरीचा तुकडा मोडला आणि तसाच ठेवून दिला. आजूबाजूला यात्रेकरू होते, येता-जाता त्यांना वाकून नमस्कार करत होते, धन्य आहात म्हणत होते. प्रत्येक नमस्कार त्यांना हसून घ्यावा लागत होता. शेवटी त्यांनी ते हसू तसंच माझ्याकडं वळवलं. हरलेलं मान्य नसलेला माणूस करतो तसा त्यांनी माझ्या खांद्यावर हात टाकला.

“बरं, जाऊ दे. झालं ते चांगलंच झालं म्हणायचं. पुढच्या महिन्यात मंडळींना घेऊन येतो तुझ्या आजोळला. चार दिवस राहतो निवांत. आता काय, आपलं घरचंच की ते!”

“या की, अण्णा,” मी म्हणालो. “नोंदणी करून या. पैसे मात्र आगाऊ लागतात.”

अण्णा थोडेसे हसले आणि मी हसायची वाट बघत राहिले. त्यांचा हात माझ्या खांद्यावरच होता. मी हसलो नाही.